टेंभलीहून निघालेला सवाल

शहाद्याहून तोरणमाळकडे निघालं की म्हसावदपर्यंत शेतं सोबत करतात आणि नंतर सातपुडा अंगावर येतो. मागे तापीकाठची काळी जमीन, पुढे पावरा आणि भिल्ल वस्त्यांचा डोंगर. सपाटी आणि डोंगर यांच्या वेशीवरच्या या गावांतून अलीकडच्या काळात एक न दिसणारी वाहतूक सुरू झाली आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकला, की यंत्र शेकडो कोस दूरच्या सर्व्हरला विचारतं: ही व्यक्ती तीच आहे का? प्रोग्रामर याला वेब रिक्वेस्ट म्हणतात. तिचा इतिहास लिहायला बसलं तर तो युरोपात सुरू होतो, पण त्यातलं एक महत्त्वाचं पान शहादा तालुक्याचं आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी याच तालुक्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. हे क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते नंदन निलेकणी. छायाचित्रांत कागद दिसला, क्रमांक दिसला. पण कागद हा योजनेचा गाभा नव्हताच. खरा बेत असा होता की देशातल्या कुठल्याही ठिकाणाहून एखाद्या यंत्राने तो क्रमांक आणि बोटाचा ठसा पाठवावा आणि मध्यवर्ती साठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगावं.

त्या सवालाची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. बोटाच्या ठशाची माहिती एक्सएमएलमध्ये बांधली जाते. ती २५६ बिटांच्या चावीने कुलूपबंद होते आणि ती चावी पुन्हा दुसऱ्या, प्राधिकरणाच्या चावीने बंद होते. मग हे गाठोडं साध्या एचटीटीपीएस पोस्ट रिक्वेस्टने रवाना होतं. उत्तरात नाव, पत्ता काही येत नाही. निकाल एकाच अक्षरात येतो, इंग्रजी वाय किंवा एन. आत एवढी गुंतागुंत, पण वाहून नेणारं साधन तेच, ज्याने आपण बातमीचं पान उघडतो.

हे साधन, म्हणजे एचटीटीपी, १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत मांडलं तेव्हा रिक्वेस्ट अक्षरशः एका ओळीची होती: गेट, आणि पुढे पानाचा पत्ता. चूक झाली तर सांगायला आकडेही नव्हते. ते पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर हेडर, कुकी, पासवर्ड, प्रमाणपत्रं. एका ओळीचं काम पानभर झालं. मग ते ओझं उचलायला लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचे संच, लिहिल्या जाऊ लागल्या.

पहिली मोठी कहाणी स्वीडनची. १९९६ च्या अखेरीस डॅनियल स्टेनबर्ग यांना गप्पांच्या चॅनेलवरच्या आपल्या बॉटसाठी चलनांचे दर आणून हवे होते. ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा ‘एचटीटीपीगेट’ नावाचा चिमुकला प्रोग्राम त्यांनी हाती घेतला आणि वाढवला. मार्च १९९८ मध्ये तो ‘कर्ल’ या नावाने बाहेर पडला. २००० मध्ये कर्लचा गाभा लायब्ररी म्हणून सुटा मिळू लागला. आज मोटारींपासून टीव्हीपर्यंत असंख्य यंत्रांत तो आहे.

पायथॉनवाल्यांची सोय मात्र लांबली. भाषेबरोबर येणाऱ्या ‘युआरएललिब२’ या साधनात साधं लॉगिन करायलाही बऱ्याच ओळी खर्ची पडत. २०११ मध्ये केनेथ राइट्झ यांनी ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी आणली, माणसांसाठी एचटीटीपी असं ब्रीद घेऊन. पत्ता द्या, गेट म्हणा, उत्तर घ्या. नवशिक्या विद्यार्थ्यालाही पहिल्याच दिवशी जमावं इतकं सोपं. हा उपकार लहान नाही. हजारो लोक त्यामुळे या कामात आले.

पण ओळी कमी झाल्या म्हणून वाट कमी झाली नाही. ‘रिक्वेस्ट्स’ला मुद्दाम सांगितलं नाही, तर ती उत्तरासाठी किती वेळ थांबायचं हे स्वतःहून ठरवत नाही, थांबून राहते. टाइमआउट देत चला, असं तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेलं आहे. पुण्यात फायबरवर बसून कोड लिहिणाऱ्याला ही उणीव कधी जाणवतही नाही. टॉवरची एखादी कांडी येते-जाते अशा पायथ्याच्या गावात हाच फरक रांगेतल्या बाईच्या वाट्याला येतो, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडते.

आणखी अवघड प्रश्न फेरप्रयत्नाचा. उत्तर आलं नाही याचा अर्थ सवाल पोहोचला नाही असा होत नाही. कदाचित तो पोहोचला, काम झालं आणि परतीच्या वाटेवर उत्तर हरवलं. लायब्ररीने आंधळेपणाने तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली तर एकच व्यवहार दोनदा नोंदला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक लागतो, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला सवाल सर्व्हर ओळखतो. आधारच्या रचनेत पाठवलेला व्यवहार क्रमांक उत्तरातही जसाच्या तसा परत येतो. शिवाय एचटीटीपीचा ‘ठीक’ आणि आधारचा ‘हो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: टपाल व्यवस्थित पोहोचलं, तरी ठसा जुळला नाही असं आत लिहिलेलं असू शकतं, त्यासाठी ३०० हा वेगळा त्रुटी क्रमांक आहे. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांच्या मुलखात हा आकडा तपासणारी ओळ विसरणं परवडत नाही.

हरवलेल्या उत्तराची किंमत शेवटी नियमांतही उतरली. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरवलं, की आधारवर पैसे काढताना खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानाच्या यंत्रावर व्यवहाराची पुष्टी आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे परत जमा व्हावेत. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता.