'डायलआउट' गटाचा वारसा

अमेरिकेत १९६० साली आरएस-२३२ हे प्रमाण ठरले, तेव्हा एका तारेस दोनच टोके गृहीत होती. पुढे घरगुती उपकरणे संगणकास जोडली जाऊ लागली. दोन आज्ञावल्या तीच तार एकदम वाचू लागल्या, तर निरोपाचे तुकडे दोघींत विखुरले जात. म्हणून तार एकटीने धरून जाळ्यावरील अनेकांस सेवा देणारी मध्यस्थ आज्ञावली, म्हणजे 'डीमन', आवश्यक ठरली. (हे नाव एमआयटीत मॅक्सवेलच्या कल्पित डीमनावरून पडले, सैतानाशी त्याचा संबंध नाही.) १९९७ च्या आरएफसी २२१७ मुळे तारेचा वेगही टेलनेटवरून ठरविता येऊ लागला.

१९९३ मध्ये आरंभ झालेल्या डेबियनसाठी असा डीमन संचरूपाने बांधताना कळीचा प्रश्न अधिकाराचा असतो. त्यास सर्वाधिकार देणे म्हणजे जाळ्यावरून येणाऱ्या परक्याच्या हाती घराची किल्ली देणेच होय. त्यापेक्षा त्याला स्वतंत्र वापरकर्ता करून 'डायलआउट' गटात घालणे इष्ट. दूरध्वनीवरून मोडेम जोडण्याच्या काळातील हे नाव आज दिवाणखान्यातील दिव्यापर्यंत पोहोचले आहे.