बारशाच्या आधीची नोंद

मंडळी, परवा पुतण्याचा इंग्लंडहून फोन आला. त्याच्या शेजारच्या आजोबांनी म्हणे चर्चच्या जुन्या वह्यांवरून आपलं घराणं थेट सतराव्या शतकापर्यंत शोधून काढलं. "काका, आपलं किती मागे जाता येईल?"

तिकडे १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला आणि गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद होऊ लागली. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारं म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू त्यात मांडलेले असत. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं उघडली, तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला.

मला हवं होतं ते वेगळंच. आजीचं माहेरचं नाव! लग्नात ते बदललं आणि पुढे वडिलांनाही सांगता येईना. तिचं माहेर पवन मावळातलं, जन्म १९०० च्या आसपासचा. लोकलने वडगावला तीन खेपा घातल्या. अक्षर मोडी. वडिलांच्या जुन्या पत्रांवर गिरवलेली माझी मोडी जेमतेमच, पण पणजोबांचं नाव लागलं. गाव बरोबर, साल जुळतं. आणि पुढे एकच शब्द : मुलगी.

बस्स. नाव नाहीच.

घरी येताना उलगडा झाला. चर्चची वही बाप्तिस्म्याची, म्हणजे नाव ठेवण्याच्या विधीची. आपली नोंद जन्माची. बारसं बाराव्या दिवशी, वर्दी त्याच्या आधी. मुलग्यांचंही तसंच, पण त्यांची नावं पुढे सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर येत राहिली. आजी शाळेत गेलीच नाही.

आता एक आशा उरली आहे, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची वही. तिथे यात्रेकरू स्वतः आपल्या कुटुंबाची नावं सांगतात. पणजोबा कधी गोदावरीवर गेले असतील, तर लेकीचं नाव त्यांनी सांगितलंही असेल. दिवाळीनंतर जाऊन येणार आहे.

पुतण्याला म्हटलं, "मागचं मी बघतो. तू आधी आईला तिचं माहेरचं नाव विचार आणि लिहून ठेव." तो गप्पच झाला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

तुम्हाला आहे का ठाऊक? असो. आजच विचारा.