पिस्तुलातील सुरक्षा यंत्रणा : काय रोखतात आणि काय रोखत नाहीत

अमेरिकेतील सर्व राज्यांत, कोठे परवान्याने तर कोठे परवान्याविनाही, पात्र व्यक्तीस कपड्यांखाली पिस्तूल बाळगता येते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा असलेल्या भारतातून आलेल्यांना ही बाब अपरिचित असते. कमरेला भरलेले पिस्तूल प्रथमच लावणाऱ्याच्या मनात शंका येते, ती एकच : ते आपोआप सुटणार नाही ना? या शंकेत खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत : शस्त्र आपोआप सुटणे आणि चाप, म्हणजेच ट्रिगर, नकळत ओढला जाणे.

हाताने लावायचे खटके

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या व अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलेल्या पिस्तुलाला अंगठ्याने सरकवायचा खटका असतो. शिवाय मुठीच्या मागील बाजूस एक पट्टी असते. मूठ नीट आवळल्याखेरीज चाप दाबला जात नाही. खटक्याचा लाभ उघड आहे, पण तो वेळेवर उघडण्याचा सरावही तितकाच आवश्यक ठरतो.

अंतर्गत यंत्रणा

१९८० च्या दशकात ऑस्ट्रियात तयार झालेल्या ग्लॉक पिस्तुलाला अंगठ्याचा खटका नाही. चापाच्या पुढच्या भागातील लहानशी तरफ दाबली जाईपर्यंत चाप मागे जात नाही; दुसरी यंत्रणा फायरिंग पिनची वाट अडवते, तर तिसरी पिस्तूल खाली पडल्यास बार उडू देत नाही. जुन्या १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा काडतुसावर टेकत असल्याने सहाऐवजी पाचच काडतुसे भरण्याची प्रथा होती. आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये अंतर्गत अडसराने तो धोका दूर केला आहे.

मात्र कोणतीही रचना निर्दोष मानू नये. पी३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनातून पडल्यास सुटू शकते, असे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसल्यावर सिग सॉअर कंपनीने ऐच्छिक दुरुस्ती योजना जाहीर केली होती.

होल्स्टरचे महत्त्व

या अंतर्गत यंत्रणांना चाप कोणी ओढला, हे कळत नाही. बोट असो, शर्टाचे टोक असो वा जाकिटाची दोरी, चाप पूर्ण मागे गेला की बार उडतो. म्हणून पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. चापाभोवतीचा भाग पूर्ण झाकणारे, ताठ, तोंड न मिटणारे होल्स्टर हवे. पिस्तूल ठेवताना कपडा बाजूला करून, बोट चापापासून दूर ठेवून, नजर तिकडे देऊन ते सावकाश ठेवावे. नुसते खिशात किंवा पर्समध्ये इतर वस्तूंसोबत ठेवलेले पिस्तूल यंत्रणा कितीही असल्या तरी असुरक्षितच.

चेंबर भरलेले की रिकामे?

नवख्यांपैकी अनेक जण चेंबर रिकामे ठेवून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. मात्र प्रसंगी पिस्तूल भरण्यास दोन्ही हात व वेळ लागतो. भरलेल्या चेंबरबद्दलची भीती दूर करण्याचा मार्ग म्हणजे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव. तरीही मन निश्चिंत नसेल, तर पिस्तूल न बाळगणे हाही शहाणपणाचा निर्णय होय. आणखी एक गोष्ट विसरू नये : मॅगझिन काढले तरी चेंबरमधील काडतूस तसेच राहते.

घर आणि कायदा

कोणताही खटका लहान मुलांच्या हातापुढे भरवशाचा नाही. अंगावर नसलेले शस्त्र कुलूपबंद पेटीतच हवे.

न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी विशेष कारण दाखवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. तरीही एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही, आणि शाळा व संघराज्य सरकारच्या इमारतींत निर्बंध कायम आहेत. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, शस्त्र जवळ ठेवण्यासच संघराज्य कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ती लागू नाही. पिस्तूल विकत घेण्याआधी आपल्या राज्याचा कायदा व आपली व्हिसा-स्थिती तपासणे, ही पहिली सुरक्षा यंत्रणा समजावी.