ग्रीन कार्डाची दर्शनबारी

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली म्हण. पण ते सहा महिनेही ज्यांना वरदान वाटावेत, अशी माणसे आज आपल्याच नात्यागोत्यांत आहेत. दिवाळीच्या फराळाचे डबे ज्या घरांतून अमेरिकेस रवाना होतात, त्या घरांत ‘ग्रीन कार्ड आले का?’ हा प्रश्न दरवर्षी निघतो. आणि ‘अजून तारीख लागायची आहे’ हे उत्तरही दरवर्षी तेच असते. मुलगा इंजिनिअर, नोकरी उत्तम, मालक खूश. मग घोडे पेंड खाते कुठे? हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे गेले पाहिजे.

भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तरीही फेब्रुवारी १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे. सबब तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळून चुकले होते, त्यांच्यापैकी अनेकांचे ते हिरावले गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई हे त्यांपैकीच एक. १९१५ साली पत्नी कला आणि मुले यांच्यासह ते तेथे गेले होते. जुने घर सोडलेले, नव्या घराने झिडकारलेले. १९२८ साली त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपवली. कलाबाई मात्र मागे राहिल्या, मुलांना वाढवले, आणि १९८३ पर्यंत जगल्या. ज्या बर्कली गावात शेजाऱ्यांनी या कुटुंबाला विकत घेतलेल्या घरात पाऊल टाकू दिले नव्हते, त्याच गावातल्या एका रस्त्याला आज कलाबाईंचे नाव आहे.

त्याच काळातले दुसरे गृहस्थ म्हणजे दलीपसिंग सौंद. १९२० साली ते शिकायला गेले, १९२४ साली गणितात डॉक्टरेट मिळवली. पण परक्या माणसाला मनाजोगते काम कोण देणार? गणिताच्या या पंडिताने कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल खोऱ्यात शेती धरली. शेती करता करता गावोगाव व्याख्याने दिली, आणि नागरिकत्वाच्या हक्कासाठी आपल्या माणसांची संघटना बांधली. अखेर १९४६ साली कायदा बदलला. अखंड हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाला किती जागा आल्या म्हणता? अवघ्या १००! पण दार किलकिले झाले होते. सौंद १९४९ साली नागरिक झाले. १९५६ साली तर अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिगृहावर निवडून आले. एकोणतीस वर्षे वाट पाहिली, पण ती हातावर हात ठेवून नव्हे.

१९६५ साली वंशावरून ठरणारे वाटे गेले, आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येने जाऊ लागले. मात्र प्रत्येक देशाला कमाल मर्यादा राहिलीच. आजच्या खोळंब्याचे मूळ १९९० च्या कायद्यात आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डे. त्यांत अर्जदाराची बायकामुलेही आली. शिवाय कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक नाहीत, म्हणजे साधारण ९,८००. देश धरायचा तो जन्मावरून. चिमुकल्या आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला! इतरांच्या उरलेल्या जागा कधी कधी आपल्याकडे वळतात, पण एवढ्या गर्दीला त्या कुठल्या पुरणार?

मालकाने प्रथम कामगार खात्याला दाखवायचे, की या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळत नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्या अर्जाची तारीख हाच रांगेतला क्रमांक. दर महिन्याला सरकारी पत्रक निघते, आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते कळते. पंढरीच्या दर्शनबारीतला वारकरी सावकाश का होईना, पुढे सरकतो. इथे तारीख कधी कधी चक्क मागे जाते! तोवर नोकरी बदलायची तर धाकधूक, आईवडिलांच्या आजारपणात धावून यायचे तर परतीच्या व्हिशाची चिंता. कडेवर नेलेले मूल २१ वर्षांचे झाले, की आईबापांच्या अर्जातून गळण्याची भीती. २००२ च्या कायद्याने दिलेली सवलत सर्वांनाच पुरत नाही.

तरीही माणसे तग धरून आहेत. २००० साली कायद्यात सोय झाली, की रांगेतल्या माणसाला सहा वर्षांच्या मुदतीनंतरही कामाचा परवाना वाढवून मिळावा. २०१५ पासून अशा अनेकांच्या जोडीदारांना नोकरी करता येऊ लागली. २००७ च्या जुलैत तर नवलच घडले. सर्वांना अर्जाची मुभा जाहीर करून सरकारने ऐनवेळी ती मागे घेतली. लोकांनी दगड उचलले नाहीत. त्या खात्याच्या प्रमुखाला फुलांचे गुच्छ पाठवले! आदल्याच वर्षी आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तली ही गांधीगिरी. ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पोहोचली, आणि थोड्याच दिवसांत सरकारने अर्ज स्वीकारायचे ठरवले. पुढे २०१९ साली देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक लोकप्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. २०२० साली सेनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला; पण दोहोंचा मेळ बसून कायदा काही झाला नाही.

या शतकाच्या हकिगतीतून इकडे वाट पाहणाऱ्या आईबापांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही रांग गुणांची नव्हे, भागाकाराची आहे. नंबर लागला नाही म्हणून आपला मुलगा कुठे कमी पडला असे नाही, आणि शेजारच्याचा लागला म्हणून तो सवाई ठरला असेही नाही. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न कार्डाचा नको. पोरे मराठी शाळेत जातात का, मंडळाच्या गणपतीत यंदा काय केले, चकल्या खुसखुशीत निघाल्या का, हे विचारावे. सौंदांनी ती एकोणतीस वर्षे आयुष्यातून वजा केली नाहीत. तीही जगून घेतली. तारीख लागायची तेव्हा लागो. दिवाळी काही तिच्यासाठी थांबत नाही.