शब्दवेध : ‘तयार’

इसवी सन 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालचे तख्त स्पेनच्या राजांकडे असल्याने पोर्तुगीज अमलाखालील ठाणेही त्यांच्याच दप्तरी मोडत होते. तथापि स्पॅनिशातील ‘लिस्तो’ हे विशेषण ठाण्याच्या नौपाड्यात उमगते ते त्या राजवटीमुळे नव्हे, तर आपल्या ‘तयार’मुळे. ‘असणे’ या अर्थी स्पॅनिशात ‘सेर’ व ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे असून पहिल्याच्या संगतीने ‘लिस्तो’ म्हणजे हुशार, दुसऱ्याच्या संगतीने सज्ज. मराठीला ही चैन नाही. ‘मुलगा तयार आहे’ एवढ्यावरून तो शाळेला निघाला आहे की चार वकिलांना पुरून उरणारा आहे, हे बोलणाऱ्याच्या भुवईवरून ताडावे लागते. नौपाड्यातल्या गोखले रस्त्यावर ‘तयार आंबा’ म्हणजे पिकलेला, मैफलीत ‘तयार गळा’ म्हणजे रियाजाने घोटलेला. अरबीत ‘तय्यार’ म्हणजे उडणारा; जुनी पिसे झडून नवी आलेला, शिकारीस सिद्ध झालेला ससाणा हा त्याचा फारशीतील अर्थ आपल्या ‘तयार’च्या मुळाशी आहे, असे काही कोशकार मानतात, आणि मला ते पटते, कारण सज्जता, परिपक्वता आणि तरबेजपणा हे तिन्ही अर्थ त्या एका पक्ष्यात विनासायास सामावतात. स्पॅनिश शिकणाऱ्याने मात्र ‘लिस्तो’चा अर्थ लावण्यापूर्वी शेजारचे क्रियापद अवश्य पाहावे.