मळवलीच्या दगडांतून आलेली लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलेल्या तसबिरीतली देवी आपल्या घरात पिढ्यानपिढ्या आहे, असं आपण धरून चालतो. पिढ्या खरोखर मोजायला बसलं, तर पाच-सहा भरतील. वेरूळच्या कैलास लेण्यात शिरताना समोरच गजलक्ष्मी आहे. कमळांच्या तळ्यात बसलेली, वरून हत्ती तिच्यावर पाणी ओतताहेत. भिंतीवरच्या लक्ष्मीची ती पूर्वज खरी, पण दोघींच्या चेहऱ्यात साम्य शोधू गेलं तर हाती काही लागत नाही. भिंतीवरची लक्ष्मी कमळावर उभी आहे, काठपदराचं वस्त्र नेसली आहे, मागे तळं आहे आणि सोंडेत माळ धरलेला हत्ती आहे. चेहरा मात्र दुपारी ओटीवर भेटेल अशा एखाद्या घरंदाज बाईचा. हे रूप राजा रविवर्मा यांनी १८९६ साली तैलरंगात रंगवलं. ते घराघरांत पोचलं ते मात्र दगडातून.

हे दगड बव्हेरियातले. झोलनहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड अतिशय बारीक कणांचा असतो. आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या म्युनिकच्या एका नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. तांब्याचे पत्रे परवडेनात, म्हणून तो या दगडावर खटपटी करत होता. घाईत धुण्याच्या कपड्यांची नोंद करायला कागद सापडला नाही, म्हणून त्याने तेलकट शाईने दगडावरच यादी लिहिली, ही त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातून १७९८ च्या सुमारास शिळाछाप सिद्ध झाला. त्यामागचं तत्त्व साधं आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवायचा, मग दगड ओला करायचा. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघांना धरते, ओल्या जागेवर बसत नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटलं. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गुलाबीचा एक, पिवळ्याचा एक, कातडीच्या सावलीचा आणखी एक. आणि हे सगळं उलटं काढायचं, कारण छापताना डावं उजवं होतं. एकाच कागदावर एकामागून एक असे कितीतरी दगड दाबायचे आणि एकही रंग केसभर सरकू द्यायचा नाही. वरून वार्निश चढवलं, कागदावर कॅनव्हाससारखे उठाव दाबले, की लांबून तैलचित्राचा भास होतो. यालाच ओलिओग्राफ म्हणतात.

महाराष्ट्रात छापील देवचित्रं रविवर्म्यांच्या आधीच आली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मित्रांबरोबर १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली. निबंधमालेचा हा कर्ता चित्रांच्या छापखान्यात कसा शिरला, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही घरात आपला इतिहास आणि आपले देव जावेत, हा त्यामागचा हिशेब सरळ दिसतो. चित्रशाळेचं रामपंचायतन मराठी घरांत पोचलं, नाना फडणीसही पोचले. चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिशीतच गेले, पण चित्रशाळा पुढे कित्येक वर्षं चालली. रविवर्म्यांच्या छापखान्याचा गाजावाजा इतका झाला की हे पुण्याचं आधीचं काम कला-इतिहासाच्या एका परिच्छेदात उरकलं जातं. ते बरोबर नाही.

रविवर्म्यांना छापील चित्रांची वाट दाखवणारा माणूसही मराठीच. टी. माधवराव हे कुंभकोणमचे देशस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांनी केलं. १८८४ साली त्यांनी रविवर्म्यांना पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा, की तुमची चित्रं मागणारे पुष्कळ आहेत आणि तुमचे हात दोनच. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्या. सल्ला कारभाऱ्याचा होता. पुढे दहा वर्षांनी तो अमलात आला, आणि चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी युरोपातली यंत्रं इकडे आणली गेली.

मधल्या काळात सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं रविवर्म्यांकडून करवून घेतली. त्या कामाआधी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजा वर्मा हिंदुस्थानभर हिंडले. शोध होता तो पोशाखाचा. दमयंती काय नेसत असेल? सीता कशी दिसत असेल? प्रांताप्रांतात नेसण्याच्या तऱ्हा वेगळ्या. एकाला आपली वाटणारी देवी दुसऱ्याला परकी वाटायची. शेवटी त्यांच्या बहुतेक नायिका साडी नेसल्या आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं नेसणं आपल्याकडचं होतं. केरळातल्या चित्रकाराने देवी-नायिकांना मराठी बायकांसारखं नेसवलं आणि ते साऱ्या देशाने मानून घेतलं, हे या सगळ्या कहाणीतलं मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. त्यामागे मुंबईतला मुक्काम होता, बडोद्याचा दरबार होता आणि नाटकही होतं. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० मध्ये रंगभूमीवर आलं होतं. पारशी नाटक मंडळ्यांचे पडदे आणि रोषणाई मुंबईकरांच्या डोळ्यांत भरलेली होती. रविवर्म्यांच्या चित्रांत पात्रं उभी राहतात ती रंगमंचावर राहतात तशीच. एकजण पुढे, एकजण अर्धा वळलेला, हात प्रेक्षकाला दिसेल असा उचललेला आणि मागे रंगवलेल्या पडद्यासारखं अरण्य. मुंबईत त्यांच्यासमोर बसलेल्या स्त्रियांत गोव्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव सांगितलं जातं.

ही चित्रं बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांना पाहायला ठेवली होती. बघायला झुंबड उडाली. राजवाड्याच्या भिंतीवर एकदा चढलेलं चित्र पुन्हा दिसायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना उभा राहिला. भांडवलात गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार होते. यंत्रं जर्मनीची, दगड तिकडचे, कारागीरही तिकडून बोलावलेले. पहिलं चित्र निघालं ते ‘शकुंतलाजन्म’: मेनका तान्ही पोर पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतो आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घराघरांतल्या तसबिरीला आपण ‘रविवर्म्याचं चित्र’ म्हणतो, पण तिच्यावर रविवर्म्यांचा हात फिरलेला नसतो. मूळ तैलचित्र पाहून ते ठिपक्याठिपक्याने दगडांवर उतरवणारा कारागीर वेगळा. गालाची लाली किती दगडांवर वाटायची, डोळ्याचं पांढरं कागदाचंच सोडायचं की त्यावर निळसर छटा द्यायची, हे तो ठरवायचा. मूळ चित्रातली अंगकांती तैलरंगात हळूहळू वितळत जाते. ओलिओग्राफमध्ये ती थोडी गोड, थोडी कठीण होते. लोकांना जी लक्ष्मी आवडली, ती या कारागिरांची. त्यातल्या बहुतेकांची नावं कोणत्याही कडेवर छापलेली नाहीत.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळाले, कामगार मिळेनात, धंदा बसला. भागीदारीत कुरबुरी झाल्या, कर्ज वाढलं. १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीला गेला. पुणे-लोणावळा गाडीने जाताना कार्ल्याच्या लेण्यांसाठी उतरायचं ते हे स्टेशन. रेल्वे हाताशी, पाणी भरपूर, आणि प्लेग लांब. पण हिशेब काही जमला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला २५ हजार रुपयांना विकून टाकला आणि ८९ चित्रांच्या छपाईचे हक्कही देऊन टाकले. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांच्या नावाचा छापखाना खरा फोफावला तो त्यानंतर, जर्मन मालकाच्या हाताखाली.

श्लायशरला कलेपेक्षा खप कळत होता. नव्या देवांची मागणी आली की नवं चित्र. जे. जे. कलाशाळेतले म. वि. धुरंधर यांनी त्याच्यासाठी चित्रं काढली. आगकाड्यांच्या पेट्या, कापडाच्या गठ्ठ्यांवरची लेबलं, साबणाची आणि बाळगुटीची कॅलेंडरं, सगळ्यांवर देव आले. बायकांनी त्या चित्रांवर जर लावली, टिकल्या डकवल्या, देवीच्या चित्रातल्या साडीवर खरं कापड शिवलं. छापील कागदाला त्यांनी पुन्हा हाताचं काम केलं. सरस्वतीच्या पदरावर टिकल्या लावलेली एखादी तसबीर जुन्या बाजारात अजून सापडते आणि साध्या प्रतीपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते.

मळवलीच्या परिसराने हिंदुस्थानला आणखी एक माणूस दिला. धुंडिराज गोविंद फाळके लोणावळ्यात राहून रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचं काम करत. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर तो धंदाच सोडला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला १९१३ मध्ये. फाळक्यांच्या पडद्यावरचे राम, कृष्ण लोकांना पाहताक्षणी ओळखता आले, कारण ते आधीच घरच्या भिंतीवर होते. पौराणिक चित्रपट ओलिओग्राफचाच पुढचा वारस आहे, असं म्हणायला मला अडचण वाटत नाही.

देवांची चित्रं निरुपद्रवी असतात असं सरकारला फार दिवस वाटलं नाही. रविवर्म्यांनी १८९० मध्ये सैरंध्री आणि कीचक रंगवले, तेव्हा तो महाभारतातला एक प्रसंग होता. १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आलं आणि प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच साली आलेल्या छापखान्यांच्या कायद्याने छापील चित्रंही सरकारच्या कचाट्यात आली. नाटक बंद करता येतं, पण घरोघरी लावलेल्या तसबिरी कोण उतरवणार?

टीका झाली ती मुख्यतः बंगालातून. भगिनी निवेदितांना रविवर्म्यांची पत्र लिहिणारी शकुंतला पालथी पडलेली पाहून संताप आला. नव्या बंगाली कलापंथाला ही सगळी चित्रं विलायती वाटली. चित्राच्या तंत्रापुरतं ते खरं आहे. पण विलायती तंत्र, बव्हेरियाचा दगड, गुजराती भांडवल, मल्याळी चित्रकार, मराठी नेसण आणि जर्मन मालक यांतून निघालेली देवी लोकांनी आपली म्हणून देवघरात ठेवली, तेव्हा त्या वादाचा निकाल टीकाकारांनी नव्हे, गिऱ्हाइकांनी लावला होता.

ऑफसेट छपाई आली आणि दगड मागे पडले. मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली. छापलेल्या चित्रांचा मोठा साठा त्यात गेला.

म्हणून एक विनंती. आजोळच्या माळ्यावर जुनी तसबीर सापडली, तर चित्राच्या खालची कड आधी पाहा. ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’, ‘चित्रशाळा, पुणे’ किंवा नुसतं ‘जर्मनीत छापलेलं’ अशी एक बारीक ओळ तिथे असते आणि चित्र कुठून आलं याचा पहिला पुरावा तोच. चौकटवाले नव्या मापात बसवायला नेमकी तीच पट्टी कापतात. ती कापू देऊ नका. चित्र लॅमिनेट तर अजिबात करू नका. मागचा जुना पुठ्ठा आम्लाने पिवळा पडलेला असेल तर तो बदला, काच बदला, पण कड आणि वर लावलेल्या टिकल्या आहेत तशाच राहू द्या.