दाखल्यावरचं राज्य



मार्च-एप्रिल आला की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. कुणाच्या मिस्टरांची बदली, कुणाच्या मुलाला बेंगळुरूत नोकरी, कुणी चेन्नईला, कुणी थेट गुवाहाटीला. घर मिळतं, गॅस मिळतो, मंदिर कुठे आहे तेही दोन फोनवर कळतं. अडतं ते मुलांच्या शाळेपाशी. कोणतं बोर्ड, कोणती भाषा, दाखला कधी मिळणार, वर्ष वाया जाणार का? ही काळजी आजची वाटते, पण तिला मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या समाजाचाही वाटा आहे. म्हणून आज जरा मागे जाऊया.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या भागात घर हलत नसे, मूल हलत असे. शेती, दुकान, मळा सोडून कोण जाणार? पण हायस्कूल गावात नव्हतं. ते कोल्हापूरला, सांगलीला, बेळगावला. आणि त्या काळात कोल्हापूर हे छत्रपतींचं संस्थान, सांगली पटवर्धनांचं संस्थान, तर बेळगाव आणि सातारा हे इंग्रजी मुलखातले जिल्हे. म्हणजे वीस-पंचवीस मैलांवरच्या शाळेत जायचं तरी मूल दुसऱ्या राज्यात जायचं. तिथे राहायचं कुठे आणि खायचं काय, हा आईचा पहिला प्रश्न.

त्याचं उत्तर आपल्या लोकांनी बोर्डिंग काढून दिलं. १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, कोल्हापूरचं दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं. शाहू महाराजांचा या कामाला आधार होता. पुढे सांगली, बेळगाव, हुबळी इथेही बोर्डिंगं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या याच बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकले. तिथले नियम त्यांना पुढे जाचले आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. मग त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील अशी वसतिगृहं काढली. हे आपण सगळ्या जाणतो, पण आपल्या सभांतून पहिला भाग जरा हळू आवाजात सांगितला जातो, असं माझं निरीक्षण आहे.

बोर्डिंगमुळे आई निर्धास्त झाली, कारण घरचे नियम तिथेही चालत. सकाळी दर्शन, कंदमूळ वर्ज्य, सूर्यास्ताच्या आत जेवण. फक्त ही सोय मुलांची होती. मुलींसाठी श्राविकाश्रम निघाले, पण तिथे बहुतेक विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया शिकत. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला शिकायला परगावी ठेवणं घरात कुणालाच पटत नसे. तिचं शिक्षण गावातली शाळा संपते तिथे संपायचं, नाहीतर तिला मामाकडे पाठवायचे. ‘मामाचं बोर्डिंग’ ही संस्था कुठेच नोंदलेली नाही, पण तिच्या विद्यार्थिनी किती निघतील सांगा!

आमच्या सासूबाई त्यातल्याच. जन्म १९४६ चा, निपाणीचा. निपाणी तेव्हा बेळगाव जिल्ह्यात, मुंबई प्रांतात. घरात आई आणि आजी कन्नड बोलायच्या, बाजारात आणि शाळेत मराठी. आपल्या त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आजही हेच चालतं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

त्या दहा वर्षांच्या असताना राज्य बदललं. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरात अहवाल दिला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून देशाचा नवा नकाशा लागू झाला. १४ राज्यं, ६ केंद्रशासित प्रदेश. मुंबई राज्यातले विजापूर, धारवाड, उत्तर कानडा आणि चंदगड तालुका सोडून उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आपल्या सभेचं नाव दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, आणि ती जिथे जन्मली ते स्तवनिधी क्षेत्र एका रात्रीत महाराष्ट्राच्या दक्षिणेला, पण बाहेर!

तिकडे इतरत्र माणसंही हलली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले, राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्यांबरोबर नोकरांचीही वाटणी झाली. कारकुनाच्या हातात हुकूम पडला की बायकोने फडताळ आवरायचं. मराठवाड्यातल्या मुलांची तर त्याआधीच एक उलथापालथ होऊन गेली होती, कारण १९४८ पर्यंत निजामाच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. वडील उर्दूत शिकलेले आणि मुलं मराठीत, अशी किती घरं औरंगाबाद-परभणीकडे असतील!

भाषावार राज्यांचा एक फायदा खरा होता. राज्याची भाषा बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत शाळा मिळाली. पण जे मूल हद्दीच्या पलीकडे राहिलं किंवा पलीकडून आलं, त्याचं काय? याचा विचारच झाला नाही असं नाही. १९४९ मध्येच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवलं होतं की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं एखाद्या भाषेची असतील, तर प्राथमिक शाळेत त्यांना त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आलं, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. निपाणी-बेळगावसारख्या ठिकाणी, जिथे अख्खी वस्तीच मराठी, तिथे मराठी शाळा चालू राहिल्या. पण बदलीवर एकटं गेलेलं कुटुंब एका वर्गात दहा मुलं कुठून आणणार? घरात मुलं दोन, तीही वेगवेगळ्या इयत्तांत.

सासूबाई सातवी निपाणीतच शिकल्या. पुढे त्यांच्या वडिलांनी त्यांना इचलकरंजीला मामाकडे ठेवलं. आठवीला इंग्रजीचा पहिला धडा, कारण मुंबई राज्यात तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायची. अकरावीला एस.एस.सी. त्यांच्याकडे बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळे दाखले आहेत. पहिल्या कागदावर राज्य मुंबई. निपाणी सोडतानाच्या दाखल्यावर म्हैसूर. इचलकरंजीच्या दाखल्यावर महाराष्ट्र, कारण मधल्या काळात १ मे १९६० होऊन गेला होता. आणि पुढे पासपोर्टसाठी जन्माचा उतारा काढला त्यावर कर्नाटक, कारण म्हैसूरचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला बदललं. पासपोर्टच्या खिडकीपाशी त्या म्हणाल्या होत्या, “मी एकाच घरात जन्मले हो, ते घर काही हाललं नाही.”

पण त्यांचं खरं स्थलांतर लग्नानंतरचं. सासरे केंद्र सरकारच्या टपाल-तार खात्यात. १९७८ मध्ये बदली जबलपूरला. माझे मिस्टर पाचवीत, नणंद दुसरीत.

इथे पुन्हा थोडा इतिहास सांगते. त्या काळी प्रत्येक राज्याची शिडी वेगळी होती. आपल्याकडे अकरावीला शालान्त परीक्षा, उत्तर प्रदेशात दहावीला हायस्कूल आणि बारावीला इंटरमीजिएट. कुठे इंग्रजी लवकर, कुठे उशिरा. हुशार मूलसुद्धा राज्य बदललं की एक वर्ष मागे बसायचं. कोठारी आयोगाने (१९६४–६६) देशभर १०+२+३ हा एकच आकृतिबंध सुचवला आणि महाराष्ट्रात दहावीची पहिली एस.एस.सी. १९७५ मध्ये झाली. त्याआधी केंद्र सरकारने स्वतःच्या नोकरांपुरता मार्ग काढला होता. दुसऱ्या वेतन आयोगाने बदलीच्या नोकरांच्या मुलांची अडचण मांडली. १९६२ मध्ये सीबीएसई मंडळाची पुनर्रचना झाली, तीही अशा मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. १९६३ मध्ये सैन्याच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सेंट्रल स्कूल सुरू झाली, तीच आजची केंद्रीय विद्यालयं. पुस्तकं एक, अभ्यासक्रम एक. जबलपूरला सोडलेला धडा पुण्यात पुढे चालू.

ही फार मोठी सोय होती, आणि ती कुणी कमी लेखू नये. वर्ष वाया जाणं थांबलं. पण त्या शाळेत हिंदी होती, इंग्रजी होती, संस्कृत होती. मराठी नव्हती. देशाने मुलाचं वर्ष वाचवलं आणि मातृभाषा घरावर सोपवली. घरावर म्हणजे कुणावर, ते तुम्हाला सांगायला नको.

सासूबाईंनी ती कशी सांभाळली ते ऐकण्यासारखं आहे. सांगलीहून महिन्याला धान्य-मसाल्याचं पार्सल यायचं. मसाल्याच्या पुड्या मराठी वर्तमानपत्रात बांधलेल्या असत. पुडी सोडवली की कागद हाताने सारखा करायचा आणि दोन्ही मुलांनी त्यातल्या दहा ओळी वाचायच्या. अर्धी बातमी फाटलेली असायची, मग पुढे काय झालं असेल ते मुलांनी रचायचं. लिपी देवनागरीच असल्याने निम्मं काम सोपं होतं. अडायचं ते ‘ळ’पाशी. नणंदबाई ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणायला लागल्या तेव्हा आई हसल्या नाहीत. भाकरी थापता थापता ‘डाळ, गूळ, तांदूळ, जोंधळा’ असा डब्यांचा पाढाच त्यांनी लावला.

ओळखी मात्र मंदिरातच झाल्या. जबलपूरला दिगंबर समाज मोठा, आणि गावाबाहेरच्या टेकडीवर पिसनहारीची मढिया आहे. दळण दळून पोट भरणाऱ्या एका बाईने पैसा पैसा साठवून ते मंदिर बांधलं, असं सांगतात. पूजेची भाषा हिंदी, चाल वेगळी, पण णमोकार तोच. सासूबाई म्हणतात, त्या मंत्राला कुठल्याच राज्याचा दाखला लागला नाही.

जेवणाची गंमत वेगळीच. पूर्वेकडे बदली झालेल्या मैत्रिणींना हे चांगलं ठाऊक असेल. गुवाहाटीला डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मूल शाळेतून चारला आलं, तर दप्तर ठेवायच्या आत ताट वाढावं लागतं. आपल्याकडे सहापर्यंत निवांत असलेल्या बाईचा सगळा दिवस तिथे दीड तास अलीकडे सरकतो. व्रत तेच, घड्याळही तेच, फक्त सूर्य आपला नाही.

आजच्या तरुण आयांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण त्या बऱ्याच जणींना माहीत नसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, राज्यात किंवा राज्याबाहेर, जायची वेळ आली तर दाखला ताबडतोब देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. पण हे आठवीपर्यंतच. नववीपासून बोर्डाची नोंदणी आणि विषय यांचा गुंता सुरू होतो, तेव्हा जमलं तर घराची हलवाहलव त्याच्या आधी किंवा दहावीनंतर करावी.

दुसरी गोष्ट भाषेची. आता राज्यंही आपली भाषा सगळ्या शाळांतून शिकवायला लावतात. तमिळनाडूने २००६ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने २०१५ मध्ये, आपल्या महाराष्ट्राने २०२० मध्ये. बदलीच्या आयांना हा जाच वाटतो. पाचवीतल्या मुलाला अचानक नवी लिपी, हे सोपं नाहीच. पण आपल्याकडे आलेल्या मुलाने मराठी शिकावं असं आपल्याला वाटतं ना? मग तिकडे गेल्यावर तोंड वाकडं करून कसं चालेल? मला स्वतःला कीव येते ती एका राज्यात चार वर्षं राहून तिथलं एक अक्षर न शिकलेल्या मुलांची.

माझी मुलगी सहावीत असताना आम्ही बेंगळुरूला आलो. पहिलं वर्ष रडारडीचं गेलं. कन्नडची वही लाल शाईने भरलेली असायची. शेजारच्या काकूंनी रोज अर्धा तास बसवून अक्षरं गिरवून घेतली, मोबदल्यात माझ्याकडून पुरणपोळी शिकल्या. आता ती आठवीत आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे स्तवनिधीला दर्शनाला गेलो. सासूबाईंना कन्नड बोलता येतं, त्यांच्या आईचीच ती भाषा, पण अक्षर त्या कधी शिकल्या नाहीत. आवारातला कन्नड फलक नातीने बोट ठेवून मोठ्याने वाचला. तिला शब्द वाचता येत होते, दोन-तीन जुन्या शब्दांचा अर्थ लागत नव्हता. तो आजीने सांगितला.